विमानाला किती वेळ लागतो? दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ घरबसल्या कसा काढायचा

आमच्या घरातली फुकटची ट्रॅव्हल एजंट मी आहे. राहते डोंबिवलीत, माहेर कोल्हापूर, धाकटी बहीण लग्न होऊन नागपूरला गेलेली, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणाचं ना कुणाचं तिकीट काढायचं असतं आणि दर वेळी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, विमानाला किती वेळ लागतो?" आणि लगेच दुसरा, "म्हणजे किती किलोमीटर आहे ते?"

आधी मी नेटवर जो पहिला आकडा दिसेल तो सांगून मोकळी व्हायचे. मग एकदा मावशीला घेऊन नागपूरला गेले. तिचं पहिलंच विमान. घरी मी तिला सांगितलं होतं, एका तासात नागपूर, कारण कुठल्यातरी साइटवर "फ्लाइट टाइम १ तास" असं वाचलं होतं. दार बंद झालं, विमान मागे सरकलं आणि मग जे हळूहळू चालायला लागलं ते थांबतंय, परत चालतंय, परत थांबतंय, पुढे चार-पाच विमानं रांगेत. मावशीने पर्स मांडीवर घट्ट धरलेली, सीटबेल्ट तिसऱ्यांदा तपासून झाला, पंचवीस मिनिटं झाली तेव्हा शांतपणे म्हणाली, "काय गं, हे असंच रस्त्याने नेणार का नागपूरपर्यंत?" पुढच्या रांगेतला माणूस खुदकन हसला, मीपण हसले, पण मनात म्हटलं चूक आपली आहे. तिकिटावर १ तास ३५ मिनिटं स्पष्ट छापलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून मी हे सगळं नीट शिकून घेतलं. पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांसाठी आणि घरच्यांची तिकीटं काढणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहितेय. उदाहरणं मुंबई, कोल्हापूर, नागपूरची आहेत पण रीत कुठल्याही दोन विमानतळांना चालते.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा, शहर नाही

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो आणि तिकिटावर तोच असतो. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ म्हणजे बीओएम, जुन्या बॉम्बे नावावरून राहिलेला. नागपूर एनएजी, कोल्हापूर केएलएच, पुणे पीएनक्यू. नाशिकचा आयएसके आणि छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू, हे दोन नावावरून ओळखू येतच नाहीत, लिहूनच ठेवा.

आता मुंबईत गोची अशी की विमानतळ दोन झाले. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली, त्याचा कोड एनएमआय. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, त्यामुळे विमानातल्या वेळात काडीचा फरक पडत नाही, पण चुकीच्या विमानतळावर जाऊन उभे राहिलात तर टॅक्सीने तास-दीड तास सहज आणि तोपर्यंत विमान गेलेलं. साइटवर नुसतं "मुंबई" टाकलं की दोन्हीकडची विमानं एकत्र दिसतात आणि स्वस्त दिसलं म्हणून माणूस पटकन बटण दाबतो. कोड बघा, मगच पैसे भरा. गोव्याचंही तेच, दाबोळीचा कोड वेगळा आणि मोपाचा वेगळा, एक दक्षिणेला सोयीचा, दुसरा उत्तर गोवा आणि सावंतवाडी-बांद्याकडच्यांना.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर परत टी१ आणि टी२ अशी दोन टर्मिनलं आहेतच. टी१ सांताक्रूझ-पार्ले बाजूला, टी२ अंधेरी-सहार बाजूला. आतून चालत एकातून दुसऱ्यात जाता येत नाही.

पायरी २: किलोमीटर काढा, पण हवेतले

लोक गुगलवर "मुंबई नागपूर अंतर" टाकतात आणि रस्त्याचा आकडा घेऊन बसतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर आहे आणि विमानाचं सरळ अंतर ६८५ च्या आसपास. तीन आकडे, तिन्ही बरोबर. कोल्हापूरला तर फरक अजून मोठा, रेल्वे पुणे-सातारा-मिरज करत ५१८ किलोमीटर फिरवते आणि हवेतून ते ३०८ भरतं. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्रभर डुलक्या काढत जाणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना हा आकडा पहिल्यांदा ऐकून जरा फसवल्यासारखंच वाटतं.

सरळ अंतर काढायची सोपी रीत म्हणजे मोबाइलवर गुगल मॅप्स उघडा, पहिल्या विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की खालची पट्टी वर ओढा, तिथे "मेजर डिस्टन्स" (म्हणजे अंतर मोजा) असेल ते दाबा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळापर्यंत न्या. आकडा खाली दिसतो. झालं.

पण मला स्वतः हिशोब करायला आवडतं, आणि ही रीत माझ्या भाच्याच्या दहावीच्या भूमितीतली आहे त्यामुळे त्यालाही कामाला लावता येतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांचा फरक २.००, त्याला १११ ने गुणा, कारण एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, आले २२२. रेखांशांचा फरक ६.१८, त्याला १०५ ने गुणा, आले ६४९. आता पायथागोरस, दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. ६८६ किलोमीटर. नकाशावरच्या आकड्याशी ताडून बघा, दोन-चार किलोमीटरच्या वर चूक निघणार नाही.

रेखांशाला १११ का नाही आणि १०५ का, तर रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जात जात जवळ येतात, संत्र्याच्या फोडींसारख्या, मध्ये रुंद आणि टोकाला चिंचोळ्या. आपल्या महाराष्ट्रात एक अंश १०३ ते १०७ किलोमीटरचा पडतो म्हणून १०५ धरायचं. मुंबई-दिल्ली काढायचं असेल तर १०२ धरा. लांबच्या परदेशी प्रवासाला मात्र ही रीत चालणार नाही, तिथे पृथ्वीचा गोलावा आड येतो, नकाशावर मोजलेलंच घ्या.

आता कोल्हापूर ते नागपूर काढा. कोल्हापूर १६.६६ आणि ७४.२९. उत्तर येतं ७०१. म्हणजे समृद्धीच्या लांबीएवढंच, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. आणि मुंबई-नागपूरपेक्षा जेमतेम पंधरा किलोमीटर जास्त. माझ्या आईला हे पटतच नव्हतं, तिच्या डोक्यात नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसमधला अख्खा एक दिवस, पुणे, मनमाड, भुसावळ करत, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन.

एक गोष्ट ध्यानात घ्या, हे सगळं रेघ मारून काढलेलं अंतर. विमान ठरलेल्या मार्गाने जातं, वळण घेऊन चढतं आणि वळण घेऊन उतरतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं. आणि कॅप्टनने घोषणेत मैल सांगितले तर तो आपला मैल नव्हे, नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मुंबई-नागपूर ३७० नॉटिकल मैल.

पायरी ३: विमान कुठलं आहे ते बघा

एसटी आणि शिवनेरीत जेवढा फरक तेवढा इथेही आहे. बुकिंग करताना फ्लाइट नंबरच्या खाली बारीक अक्षरात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो कुणी बघत नाही.

एटीआर ७२ असेल तर ते पंख्याचं विमान, सत्तर-ऐंशी माणसांचं, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूला दोन-दोन सीट. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. चढायचं मागच्या दाराने, हे माहीत नसलं की लोक पुढे जाऊन उभे राहतात. पंख वरच्या बाजूला असतात म्हणून खिडकीतून खालचं छान दिसतं, आणि ते फार उंचावरून जात नसल्याने घाट, धरणं, नदीची वळणं सगळं ओळखू येतं. फक्त वरचे कप्पे लहान, चाकाची कडक बॅग घुसवायला गेलात की हवाई सुंदरी हसून ती खाली ठेवायला लावणार.

एम्ब्रेअर १७५ म्हणजे छोटं जेट, तिथेही दोन-दोन सीट, मधली सीट नाहीच, पण वेग ताशी आठशेच्या पुढे. एअरबस ए३२० म्हणजे मोठं, तीन-तीन सीटचं, १८० च्या आसपास माणसं, वेग साधारण ८३०. लहान विमानतळाची धावपट्टी आखूड असेल तर तिथे मोठं जेट येतच नाही, म्हणून गावाकडच्या मार्गांवर बऱ्याचदा एटीआर किंवा एम्ब्रेअरच दिसतं.

पायरी ४: तिकिटावरचा वेळ म्हणजे नेमका कुठला वेळ

इथेच माझी मावशीसमोर शोभा झाली होती. तिकिटावर निघायची वेळ लिहिलेली असते ती विमान गेटवरून हलायची, आणि पोहोचायची वेळ म्हणजे पलीकडे जागेवर येऊन उभं राहायची. ह्याला ब्लॉक टाइम म्हणतात, चाकांखालची अडण काढल्यापासून परत लावेपर्यंत. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्यातून वीस-तीस मिनिटं कमी. आपल्या देशात सगळीकडे घड्याळ एकच असल्याने पोहोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली की ब्लॉक टाइम मिळाला. दुबईच्या तिकिटावर असं करू नका, तिथलं घड्याळ दीड तास मागे आहे.

घड्याळ एक असलं तरी सूर्य एक नसतो, ही एक गंमत. नागपूर आपल्यापासून सहा अंश पूर्वेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून तिथे वीस-पंचवीस मिनिटं लवकर अंधार पडतो. संध्याकाळच्या विमानाने गेलात तर मुंबईत लख्ख ऊन सोडून निघालेलो आणि उतरेपर्यंत एकदम रात्र, म्हातारी माणसं बावचळतात, "एवढा उशीर झाला?" म्हणून.

वेळेचा माझा स्वतःचा ठोकताळा सांगते. जेट असेल तर अंतराला ७५० ने भागा, जे तास येतील त्यात ४० मिनिटं मिळवा. एटीआर असेल तर ४५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई-नागपूर जेटने ६८६ भागिले ७५० म्हणजे ५५ मिनिटं, अधिक ४०, एक तास पस्तीस. तेच एटीआरने दोन तास. मुंबई-कोल्हापूर जेटने २५ अधिक ४०, एक तास पाच, आणि एटीआरने एक तास दहा. बघा, कोल्हापूरला पंख्याचं आणि जेटचं विमान जवळपास बरोबरीला येतं, कारण तेवढ्याशा अंतरात जेटला पूर्ण वेगात पळायला मिळतच नाही, चढतंय चढतंय तोवर उतरायची वेळ.

म्हणूनच अंतर अर्धं झालं म्हणून वेळ अर्धा होत नाही. नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर कोल्हापूर आहे पण वेळ फक्त अर्ध्या तासाने वाचतो. जमिनीवरचं चालणं, रांग, चढणं, उतरणं हा खर्च सगळ्यांना सारखाच, रिक्षाच्या मीटरचं पहिलं भाडं असतं ना, दोन गल्ल्या गेलात तरी तेवढं द्यायचंच, तसं.

पायरी ५: मुंबईसाठी वेगळं मार्जिन

मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, फुलीसारख्या, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी काम चालत नाही. दिवसाला नऊशेच्या वर विमानं व्यवहारात एकाच पट्टीवरून. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी तर पुढे रांग असणारच हे धरून चाला.

शिवाय बहुतेक वेळा विमानं घाटकोपरच्या बाजूने येऊन उतरतात आणि जुहूच्या बाजूने समुद्राकडे उडतात. म्हणजे जायचंय पूर्वेला नागपूरला, पण आधी पश्चिमेला अरबी समुद्रावर जाऊन मग वळून परत मुंबईवरून जायचं. मावशीला खिडकीत समुद्र दिसला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की आपण दुबईच्या विमानात बसलो की काय. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

परत येताना मुंबईजवळ आल्यावर विमान गोल गोल फिरवत ठेवतात, दहा-पंधरा मिनिटं ही नेहमीचीच. पावसाळ्यात जोराची सर आली की विमान उतरता उतरता परत वर उचलतात, घाबरायचं काही नाही, दुसऱ्यांदा प्रयत्न करतात, अगदीच नाही जमलं तर अहमदाबाद, गोवा, हैदराबाद असं कुठेतरी नेऊन उतरवतात. जुलै-ऑगस्टमध्ये उतरल्या उतरल्या महत्त्वाची मीटिंग किंवा लग्नाचा मुहूर्त ठेवू नका एवढंच.

अजून एक, दरवर्षी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दुरुस्तीसाठी धावपट्ट्या एक दिवस साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद असतात. तारीख बरीच आधी जाहीर होते आणि विमानांच्या वेळाही त्याप्रमाणे बदलतात. वेळापत्रक तसंही वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गावाकडच्या मार्गांवर तर आठवड्यातले वारसुद्धा बदलतात, म्हणून "मागच्या वेळी सकाळी होतं" ह्याच्यावर अजिबात विसंबू नका.

पायरी ६: दारापासून दारापर्यंत

हा खरा वेळ, आणि हा कुठल्याच साइटवर मिळत नाही, स्वतःच मांडावा लागतो. कागद घ्या.

आमचं डोंबिवलीचं सांगते. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, मरोळ नाक्याला उतरून जमिनीखालच्या मेट्रो तीनमध्ये बसायचं, पुढचंच स्टेशन टी२. टी१ ला जायचं तर त्याच गाडीत अजून दोन स्टेशनं. सामान घेऊन घरापासून पावणेदोन तास धरते. विमानतळावर दोन तास आधी, कारण बॅग द्यायचे काउंटर साधारण विमानाच्या एक तास आधी बंद होतात आणि गेट २५ मिनिटं आधी, आणि ह्यात दयामाया नाही, लोकलसारखं धावत जाऊन लटकता येत नाही. नुसती हातातली बॅग आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर दीड तास पुरतो.

आता बेरीज. नागपूर: पावणेदोन, दोन, एक पस्तीस, बॅग मिळून बाहेर यायला अर्धा तास, बहिणीच्या घरी पंचवीस मिनिटं. सव्वासहा तास. रात्रीच्या ट्रेनला नुसत्या गाडीतच अकरा-बारा, समृद्धीने गाडी हाणली तरी आठ आणि वर आपल्या इथून महामार्गापर्यंत जायचं वेगळं. म्हणजे नागपूरला विमान परवडतं, वेळेच्या हिशोबाने तरी.

कोल्हापूर: सगळं मिळून साडेपाच तास. रस्त्याने सात-आठ. दीड-अडीच तास वाचतात, पण त्यासाठी लोकल, मेट्रो, सिक्युरिटी, परत उजळाईवाडीच्या विमानतळाहून गावात रिक्षा, इतकी चढउतार. आई एकटी येणार असेल तर मी विमान बघते, आम्ही चौघं असलो तर गाडीच काढतो आणि वाटेत कराडला जेवतो.

आणि नाशिक. सरळ अंतर १५८ किलोमीटर. कुणी मला विचारलं विमानाने नाशिकला जाऊ का, तर डोंबिवलीकराला मी हात जोडते. विमानतळावर पोहोचून, दोन तास बसून, ओझरला उतरून परत वीसेक किलोमीटर शहरात यायचं, तेवढ्यात माणूस कल्याणहून गाडी पकडून नाशिक रोडला उतरून घरी चहा पिऊन झालेला असतो. तीनशे किलोमीटरच्या आत असेल तर आधी ट्रेन बघा, चारशेच्या पुढे विमान, मधलं ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर.

पायरी ७: मध्ये विमान बदलायचं असेल तर

कोल्हापूर-नागपूरसारख्या जोडीला थेट विमान रोज असेलच असं नाही, मग साइट तुम्हाला मुंबईमार्गे दाखवते. ३०८ अधिक ६८६, झाले ९९४ किलोमीटर, थेट अंतराच्या जवळजवळ दीडपट, आणि मधला मुक्काम वेगळाच. इथे दोन गोष्टी बघा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का, असतील तर पहिलं लेट झाल्यावर दुसऱ्याची सोय लावणं कंपनीचं काम, वेगवेगळी तिकीटं काढलीत तर तुमचं नशीब. आणि दोन्ही एकाच टर्मिनलवरून आहेत का. टी१ वरून टी२ ला बॅगा घेऊन जायचं तर बाहेर पडून, बस, टॅक्सी किंवा मेट्रोने जाऊन परत सिक्युरिटी. मी तीन तासांच्या खाली हे करत नाही, नवरा म्हणतो दोन पुरतात, त्याचं एकदा विमान सुटलंय.

ब्लॉक टाइम आणि तुमचे हक्क

हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं म्हणजे डीजीसीए, त्याच्या नियमांत भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं आणि कारण हवामानासारखं त्यांच्या हाताबाहेरचं नसेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, ह्यातलं जे कमी असेल ते. आणि अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे आपल्या राज्यातली सगळीच त्यात आली, दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. माझा अनुभव असा की मागितल्याशिवाय कुणी देत नाही. एकदा अडीच तास लटकलो होतो, काउंटरवर जाऊन नियम सांगितला तेव्हा सामोसा आणि चहाचं कुपन निघालं, आणि मग मागे बघते तर पन्नास जणांची रांग.

निघायच्या दिवशी

सकाळी फ्लाइटरडार२४ ह्या साइटवर तुमचा फ्लाइट नंबर टाका. तुम्हाला नेणारं विमान आत्ता कुठे आहे ते बघायचं. लहान मार्गांवर एकच विमान दिवसभर इकडून तिकडे फिरत असतं, सकाळी त्याला कुठे धुक्याने अडकवलं की दुपारपर्यंत तो उशीर तुमच्या दारात. येणारं विमान अजून पलीकडच्या गावातून उडालेलंच नसेल तर कंपनीचा मेसेज आला नाही तरी समजा की उशीर आहे. तरी घरून वेळेवरच निघा, काउंटर मूळ वेळेप्रमाणेच बंद होऊ शकतो. त्याच जागी मागच्या सात दिवसांत ते किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं तेही दिसतं, माझ्या ठोकताळ्यापेक्षा ते केव्हाही खरं.

परतीचं तिकीट काढताना मुंबईत उतरायची वेळ बघून काढा. मावशीला आणताना उजवीकडची खिडकी घेतली होती, उतरताना पवई तलाव दिसला, मग घाटकोपरच्या डोंगरावरची घरं इतकी जवळून की वाळत घातलेले कपडे दिसतात. मावशी म्हणाली, "म्हणजे डोंबिवली मागेच गेली की, तिथेच सोडलं असतं तर?" सहाला टेकलो, बॅगा घेऊन साडेसहाला बाहेर, घाटकोपरला सव्वासातची लोकल, आणि त्या गर्दीत बॅग घेऊन दोन गाड्या सोडल्या. नागपूरहून मुंबईला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त सहारवरून घरी यायला. आता मी दुपारी चारच्या आत किंवा रात्री साडेनऊनंतर उतरणारं विमानच घेते, चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी.